शुद्धिपत्र

नळगीरकर सरांची सात पुस्तकं
मी उलटी वाचलीत.
खिळ्यावरचं अक्षर आरशातलं असतं,
काना आधी, अक्षर मागून.

उदगीरला, किल्ल्याच्या खंदकाकडं उतरणाऱ्या बोळात
आमचं ट्रेडल.
सर सायकलीवरून यायचे,
कॅरियरला पिशवी,
पिशवीत दरवेळी एक पुढारी.

पहिले डोंगरखेडचे माणिकराव,
मग एक कारखान्याचे, मग एक बाजार समितीचे.
सगळ्यांच्या आया सोशिक,
सगळ्यांचे वडील करारी.
"सर, एवढा मजकूर मागच्या फर्म्यातून उचलू का?"
मी एकदा विचारलं.
हसले. चहा मागवला. उचलू दिलं नाही.

पण माणूस कष्टाळू.
एका तारखेपायी बिदरला तीन दिवस राहिले,
चाळिशीत उर्दू शिकले
मदारसाहेब पेशकारांच्या ओट्यावर, रोज फजरनंतर.
अजूर, दै, बहमन,
फसली महिने बोटांच्या पेरांवर मोजत
कोणाची शिक्षा कोणत्या इंग्रजी तारखेला सुटली
ते उभ्या उभ्या सांगायचे.

फक्त आबान १३५७ आला
की सरांची वाक्यं आखूड व्हायची.
पोलीस ॲक्शन झाली.
लोकांनी गुढ्या उभारल्या.
पुढच्या परिच्छेदात थेट निवडणूक.
मधे मी शिशाची एक पट्टी सरकवायचो,
दोन पॉइंटांची.
तेवढीच जागा.

मग ऑफसेट आलं, पोरगं कॉम्प्युटरवर बसलं,
ट्रेडलवर मी गोणपाट टाकलं.
अन् एका दुपारी सर चालत आले,
सायकल सुटली होती, गुडघे गेले होते.
पिशवीत पुढारी नव्हता.
"चाळीस पानं आहेत. तूच जुळव. हातानं."

पुस्तक पहिलं, पान ११२, ओळ ९ :
'गावात शांतता नांदू लागली' याऐवजी वाचा
'मोमीन गल्लीत कोणी उरलं नव्हतं'.
पान ११३, ओळ १ :
'माणिकरावांनी मध्यस्थी केली' याऐवजी वाचा
'माणिकराव घरी होते. कडी आतून होती'.
पुस्तक चौथं, पान ६० :
'काही' याऐवजी वाचा 'एकोणीस'. नावं खाली.
पुस्तक पाचवं, अर्पणपत्रिका :
गाळावी.

नावं जुळवताना म संपला.
मौला, मकबूल, महेबूब, मस्तान, मौलाची आई मरियमबी.
केसमधलं घर रिकामं, तळाला नुसती धूळ.
खिळे ओतणारे कधीच उठून गेलेले.
बंद पडलेल्या एका लग्नपत्रिकावाल्याकडून
मूठभर म आणले,
थोडे झिजलेले. छापल्यावर कळतं.

माणिकरावांचा नातू आला.
गाडी बोळात शिरेना म्हणून चिडलेला.
"सर, आता हे कामून?"
सर म्हणाले, "जुनी प्रत आहे ना घरी?
तिच्यात चिकटवा. खळ नको, कसर लागते. डिंक घ्या."

दोनशे प्रती काढल्या.
अकरा गेल्या.
बाकीच्या माझ्या माळ्यावर आहेत, सर आता नाहीत.

शेवटून तिसऱ्या पानावर एक नोंद आहे :
पुस्तक तिसरं, ऋणनिर्देश,
'मदनराव पेशकार' याऐवजी वाचा
'मदारसाहेब पेशकार'.
चूक लेखकाची.

ती लेखकाची नव्हती.
हस्तलिखितात सरांनी र ठसठशीत काढला होता,
साहेब पुरतं लिहिलं होतं.
पेशकारांनी ते पुस्तक हातात घेतलं,
स्वतःचं नाव शोधलं,
मिटून उशाशी ठेवलं, असं सरच सांगायचे.

प्रूफ ओलं होतं. मी बोलणार होतो.
सरांनी चष्मा पुसला, म्हणाले, "चालू दे मशीन."
मी पायटा दाबला.

लाईट गेली नव्हती त्या दिवशी,
घाईही नव्हती.
हाताला सवयीचं
तेच नाव होतं.